हेडसेट कुठूनही घ्या, आतला बाजार आपला पाहिजे

प्रति,
मा. विशेष पोलीस महानिरीक्षक, नाशिक परिक्षेत्र,
मा. पोलीस अधीक्षक, जळगाव, धुळे आणि नंदुरबार,
मा. प्राचार्य, पोलीस प्रशिक्षण केंद्र, धुळे

विषय : पोलीस प्रशिक्षणाच्या व्हीआर (आभासी वास्तव) फिल्म खानदेशातच, इथल्या बोलीत तयार करण्याबाबत

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

मी धुळ्यात राहतो आणि कॅमेऱ्यावर पोट भरतो. लग्नं, अहिराणी गाणी, ठिबकवाल्यांच्या जाहिराती, अधूनमधून एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस. अलीकडे चारही दिशा एकदम टिपणारा ३६० अंशांचा कॅमेराही हाताळायला लागलो आहे. म्हणजे या पत्रात माझा स्वार्थ आहे. फिल्म इथे करायचं तुमच्या खात्याने ठरवलं तर माझ्यासारख्या चार जणांना काम मिळेल. तेवढं वजा करून पुढचं वाचा.

डोक्यावर हेडसेट चढवायचा, प्रसंगाच्या मधोमध उभं राहायचं आणि शिकायचं, हे तंत्र पोलीस प्रशिक्षणात आता नवलाचं राहिलेलं नाही. शिकागो पोलिसांनी २०१९ मध्ये ॲक्सॉन कंपनीच्या व्हीआर फिल्म वापरायला घेतल्या. (टेझर बनवणारी कंपनी ती हीच. एका हाताने विजेचा झटका विकायचा आणि दुसऱ्या हाताने सहानुभूती, धंदा म्हणून चोख आहे.) त्यांच्या एका फिल्ममध्ये स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाच्या कानात घुमणारे आवाज पोलिसाला स्वतःच्या कानात ऐकवतात. युरोपियन युनियनच्या पैशातून शॉटप्रोस नावाचा प्रकल्प झाला, त्यात ताणाखाली पोलीस निर्णय कसे घेतात हे व्हीआरमध्ये तपासलं गेलं. आपल्याकडेही आज ना उद्या कोणीतरी चकचकीत ब्रोशर घेऊन तुमच्या केबिनबाहेर बसणार आहे. कदाचित बसून गेलाही असेल.

तो काय दाखवेल तेही सांगतो, कारण असे डेमो मी पाहिले आहेत. काचेची इमारत, लांबलचक कॉरिडॉर, कोपऱ्यावरून पिस्तूलवाला येतो, हेडसेटमधला पोलीस गोळी झाडतो, पडद्यावर गुण उमटतात. मग कोणीतरी एखाद्या शिपायाला पुढे करतो, तोही दोघांना उडवतो, केबिनमध्ये हशा होतो आणि फाईल पुढे सरकते.

आता अमळनेर, शहादा, यावल, कुठल्याही ठाण्याची स्टेशन डायरी उघडा. बांधावरून भावाभावांत कुऱ्हाड निघालेली असते. कानबाईच्या मिरवणुकीचा डीजे कोणत्या गल्लीतून जाणार यावरून दोन मंडळं समोरासमोर असतात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पत्त्यांचा डाव रंगलेला असतो, आणि छापा पडला की अंधारात पळणाऱ्याला कठडा नसलेली विहीर दिसत नाही. सुरत–नागपूर महामार्गावर अपघात होतो आणि प्रेत रस्त्यावर ठेवून गाव बसून राहतं. दारू पिऊन दारात आडवा उभा राहिलेला नवरा, माहेरी निघालेली बायको, आणि मध्ये एकटा बीट अंमलदार. यातल्या बहुतेक प्रसंगांत पिस्तूल कमरेलाच राहतं, मुळात असलं तर. सगळं काम तोंडाने करायचं असतं, आणि कुठे उभं राहायचं याच्या अंदाजाने.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. हेडसेट कुठूनही घ्या, पण आत दिसणारं गाव इथलं असू द्या, आत ऐकू येणारं बोलणं इथलं असू द्या, आणि गुण द्यायचेच असतील तर ते बोलण्याला आणि थांबण्याला द्या.

राईनपाड्याचं नाव घेतल्याशिवाय हे पत्र पुढे जाऊ शकत नाही. साक्री तालुका, १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. सोलापूरकडून आलेले, भिक्षुकी करून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मुलं पळवणारे समजून जमावाने मारले. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारले. व्हॉट्सॲपवर ती अफवा आधीपासून फिरत होती. त्यानंतर सोळाच दिवसांनी, १७ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला प्रकरणात झुंडबळींविषयी निर्देश दिले आणि प्रत्येक जिल्ह्यात किमान पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमायला सांगितलं. निर्देश चांगलेच आहेत. पण नोडल अधिकारी जिल्ह्याला एक. बाजारात सगळ्यात आधी पोचतो तो मोटारसायकलवरचा शिपाई, किंवा त्याच्याही आधी गावचा पोलीस पाटील. त्या पहिल्या माणसाच्या पहिल्या दहा मिनिटांची तालीम कुठे होते?

कवायत मैदानावर दंगा काबूची रंगीत तालीम होते, ती मी शूट केली आहे. जमाव म्हणून उभे असतात तेही पोलीसच. निम्मे हसत असतात, दगड म्हणून कागदाचे बोळे फेकतात, आणि शिट्टी वाजली की दंगेखोर शिस्तीत रांग धरतात. लाठी आणि ढाल कशी धरायची ते त्यातून येतं. अफवा ऐकलेल्या गावाचा चेहरा त्यातून कळत नाही.

पहिली फिल्म मी अशी करेन. सकाळी आठ ते दहाचं ऊन, म्हणजे सावल्या फार काळ्या पडत नाहीत. बाजारपट्ट्याच्या मधोमध कॅमेरा, तिवईऐवजी एका बारीक दांड्यावर, कारण प्रेक्षकाने मान खाली घातली की तिवई दिसते आणि ती पुसण्यात एडिटिंगच्या रात्री जातात. उजवीकडे मिरची-लसणाचं पाल, डावीकडे बांगड्यावाली, समोर ग्रामपंचायतीचा ओटा. ओट्यापाशी तीन परके पुरुष, खांद्याला झोळ्या. पहिली दीड मिनिटं काहीच घडत नाही. शिकायला आलेला पोलीस इकडे तिकडे बघतो, बांगड्यावाली भाव सांगते, कोणी शेळी ओढत नेतं. मग आवाज येतो तो पाठीमागून. “हाऊच शे! हाऊच शे तो!” म्हणजे, हाच आहे तो.

तो गर्रकन मागे वळतो. सगळे वळतात. आणि तो मागे बघत असतानाच पुढे, ओट्यापाशी, एकाने परक्या माणसाची कॉलर धरलेली असते. हे साध्या पडद्यावर दाखवता येत नाही, कारण तिथे कुठे बघायचं ते दिग्दर्शक ठरवतो. इथे बघणारा ठरवतो, आणि त्याची मान कधी कुठे वळली याची नोंद हेडसेटमध्ये राहते.

कॉलर धरली की फिल्म थांबते आणि विचारते: आता काय? वायरलेसवर कुमक मागायची, तिघांना घेऊन ओट्यावरच्या खोलीत शिरायचं, की मध्ये उभं राहून बोलायला सुरुवात करायची? बरेच जण खोलीच निवडतील असा माझा अंदाज आहे. सुरक्षित वाटते ती. पण त्या खोलीला मागचं दार नाही आणि खिडकीला गज आहेत. हे पहिल्या मिनिटापासून समोर दिसत असतं, फक्त बघावं लागतं. फिल्म झाल्यावर प्रशिक्षकाने त्याला त्याचीच नजर दाखवायची: खिडकीकडे तुझी मान एकदाही वळली नाही. शिवाय गर्दीच्या कडेला एक म्हातारा दोन्ही हात वर करून काहीतरी सांगायला धडपडतोय, तो गावचा पोलीस पाटील आहे. ज्याला तो सापडला त्याच्यासाठी पुढची पाच मिनिटं वेगळी जातात, कारण गाव खाकीचं ऐकायच्या आधी ओळखीच्या माणसाचं ऐकतं.

असे तीन थांबे आणि प्रत्येक थांब्यावर नुसते दोन पर्याय धरले, तरी आठ शेवट होतात. आठ शेवट म्हणजे शूटिंग कितीतरी पटींनी वाढतं. म्हणून फाटे थोडे जाऊन परत मूळ रस्त्याला मिळतील अशी पटकथा लिहावी लागते, आणि ती लिहायला माझ्यासारखा कॅमेरावाला पुरत नाही. बाजाराचा बंदोबस्त पंचवीस वर्षं केलेला एखादा सहायक फौजदार पाहिजे. निवृत्त असला तर उत्तम, मोकळेपणाने बोलेल.

कॅमेऱ्याच्या उंचीबद्दल थोडं सांगतो, कारण हे कोटेशनमध्ये कधीच लिहिलेलं नसतं. ३६० फिल्ममध्ये भिंग ज्या उंचीवर, तीच बघणाऱ्याची उंची. आपल्या राज्यात शिपाई भरतीला पुरुषांना किमान १६५ सेंटिमीटर आणि महिलांना १५५ सेंटिमीटर उंची लागते. डोळे त्याच्याही दहा-बारा सेंटिमीटर खाली. भिंग सहा फुटी माणसाच्या डोळ्यांना लावून शूट केलं, की बाजारातली सगळी माणसं बुटकी दिसतात आणि बघणाऱ्याला उगाच धीर येतो. भरतीत ३० टक्के जागा महिलांच्या आहेत. एखादी महिला शिपाई खऱ्या बाजारात उभी राहते तेव्हा समोरच्या माणसाची हनुवटी तिच्या डोळ्यांसमोर येते, तो वरून खाली बोलतो. त्या उंचीवरून तोच प्रसंग वेगळा दिसतो. कळीची दृश्यं दोन उंचीवरून घ्यावीत असं मला वाटतं. वेळ जास्त लागेल, लागू द्या.

बाकी तांत्रिक गोष्टी थोडक्यात. कॅमेरा हलवायचा नाही, हलवला की पाहणाऱ्याला मळमळतं. पाठलाग, धावपळ असली दृश्यं या माध्यमात घालूच नयेत. धावत्या जीपमध्ये मात्र कॅमेरा बसवला तर चालतं, कारण जीपची चौकट डोळ्यांपुढे स्थिर असते. ८के, म्हणजे फार बारीक तपशिलाचं चित्र ऐकायला भारी वाटतं, पण ते चारही दिशांना वाटलं जातं आणि एका वेळी डोळ्यांपुढे त्याचा जेमतेम चौथा भाग येतो. म्हणून ज्याच्या चेहऱ्यावरचा राग वाचायचा आहे तो माणूस दोन-तीन मीटरच्या आतच उभा पाहिजे. आणि मीटरभराच्या आत, दोन भिंगांची चित्रं जिथे जुळवली जातात त्या जोडावरून कोणी गेलं तर त्याचा हात चित्रात तुटतो.

या माध्यमात साध्या सिनेमासारखे सारखे कट नाहीत, क्लोजअप नाही. सहा-सात मिनिटांचा प्रसंग एका दमात करावा लागतो, चारी बाजूंनी दिसत असताना. दिग्दर्शकाला उभं राहायला जागाच नसते, मी हातगाडीखाली बसून मोबाईलवर चित्र बघतो. मालिकेत काम केलेल्या नटांची इथे दमछाक होते. वहीगायन करणाऱ्या किंवा नंदुरबारच्या सोंगाड्या पार्टीतल्या कलाकाराला मात्र हे नवं नाही, तो रात्रभर लोकांच्या गराड्यात उभा राहून सोंग वठवतो, कोणी मध्येच काही बोललं तरी त्यालाही उत्तर देतो. ही माणसं वर्षातले कित्येक महिने कामाविना असतात. आपल्या तीन जिल्ह्यांत हे कलाकार आहेत, अहिराणी गाण्यांवर हात बसलेले एडिटर आहेत, आणि शेजारी मालेगावात कमी पैशात सिनेमा करण्याचा जुना अनुभव आहे. पुण्या-मुंबईहून पथक बोलावून धुळ्याच्या लॉजवर उतरवायची गरज नाही.

पहिल्यांदा फिल्म दाखवताना खाली संवादांची मराठी पट्टी (सबटायटल) देऊ नका, असंही मी सुचवेन. धुळ्याच्या केंद्रात शिकणारा मुलगा कोणत्याही जिल्ह्यातला असेल, त्याची नेमणूक कुठल्याही गावात होईल. पिंपळनेरच्या बाजारात अहिराणी, भिल्ली आणि कोकणी एकमेकींत मिसळतात. धडगावला पावरी, नवापूरला मावची, यावल-रावेरला लेवा बोली आणि तडवींची बोली. पाच माणसं पाच बाजूंनी बोलताहेत, त्यातलं अर्धंच कळतंय, आणि तरीही कोण भडकवतोय आणि कोण घाबरलाय हे ओळखायचं आहे. त्याची नोकरी अशीच असणार आहे. पट्टी दुसऱ्या वेळी द्या.

एक जुनी गोष्ट जाता जाता. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने धरणगावला खानदेश भिल्ल कोअर ही पलटण उभी केली, तेव्हा माणसं इथल्याच भिल्लांमधून घेतली. हेतू कंपनी सरकारचा कारभार बसवण्याचा होता, त्यात पुण्यकर्म काही नाही. पण इथली माणसं हाताशी नसतील तर सातपुड्यात काम होत नाही, एवढं त्याला समजलं होतं.

दुसरी फिल्म मी बाकड्यावरून शूट करेन. धडगावकडचं एखादं ठाणं, दुपारची वेळ. कॅमेरा भिंतीलगतच्या बाकड्यावर बसलेल्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीवर. गावाने तिला डाकीण ठरवलं आहे, मारहाण झाली आहे, ती पायी आणि मग जीपने आली आहे. हेडसेट घातलेला ठाणे अंमलदार इथे ती बाई असतो. टेबल त्याला छातीइतकं उंच दिसतं. पलीकडचा माणूस फोनवर बोलतोय. एकजण येतो, तिच्याकडे न बघता तिच्यासोबतच्या दिराला विचारतो, काय झालं? ती पावरीत सांगायला लागते, तो म्हणतो, मराठीत सांग. चार मिनिटं. कोणी ओरडत नाही, कोणी हात उगारत नाही. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे, त्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे, हे त्या ठाण्यातल्या कोणाला तरी माहीत असेलच. पण कायद्यापर्यंत गोष्ट पोचायच्या आत बाई उठून निघून जाते आणि फिल्म संपते.

ही फिल्म करायला खर्च जवळजवळ नाही. चार कलाकार, एक खोली. हिच्यात निर्णयाचे थांबे ठेवायचे नाहीत, फक्त बसवून दाखवायची आणि नंतर गप्पा मारायच्या. बदलून आलेल्या अधिकाऱ्यांनी हजर होण्याच्या आठवड्यात ही बघावी असं मला फार वाटतं.

मानसिक आजार झालेल्या, रस्त्यावर भटकणाऱ्या माणसाची एक फिल्म हवीच. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम १०० प्रमाणे अशा माणसाला संरक्षण द्यायचं, चोवीस तासांत सरकारी दवाखान्यात पोचवायचं आणि लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, ही जबाबदारी ठाण्याची आहे. भुसावळ जंक्शनवर उतरून कोणत्याही दिशेला चालत निघालेली अशी माणसं आपल्या हद्दीत रोजची आहेत. शिकागोची कानातल्या आवाजांची कल्पना इथे उसनी घ्यायला हरकत नाही, आवाज मात्र आपल्या भाषांतले हवेत.

आता अवघड फिल्म. ६ जानेवारी २०१३. धुळ्यात हॉटेलच्या बिलावरून झालेल्या भांडणातून दंगल पेटली. पोलीस गोळीबारात सहा जण गेले, पोलीसही मोठ्या संख्येने जखमी झाले. नंतर काही पोलीस मालमत्तेची नासधूस करत असल्याचे व्हिडिओ बाहेर आले, त्यातल्या काहींना अटक झाली, चौकशी आयोग नेमला गेला. मी त्या दिवसाचा निवाडा करायला बसलेलो नाही. त्या दिवसाची हुबेहूब फिल्म तर मुळीच करू नये, दोन्हीकडच्या लोकांच्या जखमा अजून ओल्या आहेत. पण त्यातून एक प्रसंग काढता येतो, जो कोणतीही कंपनी पॅकेजमध्ये विकत नाही. दगडफेक होऊन गेली आहे, गल्ली रिकामी आहे, तुमच्या पथकातल्या दोघांची डोकी फुटलेली आहेत. अंगात आग आहे. शेजारी उभा असलेला, तुमच्याच बॅचचा, तुमच्यासोबत जेवणारा सहकारी लाठीने एका बंद दुकानाची काच फोडतो आणि तुमच्याकडे बघतो.

फिल्म थांबते. तुम्ही काय करता?

त्याला हाताला धरून बाजूला घेता? वरिष्ठाला हाक मारता? दुसरीकडे बघता? की पुढची काच तुमची? या प्रश्नाचं उत्तर परेडवर शिकवत नाहीत. वर्गात विचारलं तर प्रत्येकजण बरोबर उत्तर देतो. कान दगडांच्या आवाजाने बधिर झालेले असताना, समोर मित्राचा चेहरा असताना विचारलं तर काय होतं, ते हेडसेटमध्ये निदान स्वतःला तरी कळेल. ही फिल्म करायला वरिष्ठांचा धीर लागेल, पैसे फारसे लागणार नाहीत.

दंगलीत प्रत्यक्ष उभे राहिलेले बरेच अंमलदार आजही नोकरीत आहेत. त्यांना हा हेडसेट सक्तीने चढवू नका. जुनं सगळं एकदम वर येऊ शकतं. समुपदेशक शेजारी असल्याशिवाय ही फिल्म चालवूच नये.

उपकरणाच्या प्रेमात पडू नये म्हणून एक परदेशी आकडा सांगतो. अमेरिकेतल्या लुईव्हिल शहराच्या पोलिसांना आयकॅट नावाचं, प्रसंग शांत करण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं आणि सिनसिनाटी विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याचा अभ्यास केला. बळाच्या वापराच्या घटना सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाल्या, नागरिकांच्या दुखापती २६ टक्क्यांनी, आणि पोलिसांच्या स्वतःच्या दुखापती ३६ टक्क्यांनी. हे प्रशिक्षण हेडसेटचं नव्हतं. प्रसंग उभे करून, चर्चा करून, बोलण्याचा आणि वेळ काढण्याचा सराव होता. म्हणजे गुण यंत्राचा नाही, प्रसंगाचा आहे. व्हीआरने एवढंच होतं की तोच प्रसंग तोरणमाळच्या चौकीतल्या दोन शिपायांनाही जसाच्या तसा दाखवता येतो, साठ कलाकारांचा जमाव दर वेळी गोळा न करता. इंटरनेटही लागत नाही, फिल्म हेडसेटमध्ये भरून नेता येते.

त्यामुळे फिल्म दहा मिनिटांची असेल तर नंतरची चर्चा अर्ध्या तासाची ठेवा. तो अर्धा तास वाचवून हेडसेटपुढे रांग लावली तर सगळं फुकट. चर्चा घ्यायला गावाकडचा माणूस पण बोलवा. बाजारातला व्यापारी, डवरी गोसावी समाजातलं कोणी, मोहल्ला कमिटीतली एखादी बाई. पटकथा लिहितानाही हे लोक असले पाहिजेत, नाहीतर काय होईल ते मला आत्ताच दिसतंय: फिल्ममधला चोर दर वेळी पारधी निघेल, दंगेखोराच्या डोक्यावर दर वेळी टोपी असेल आणि दारुड्या दर वेळी भिल्ल. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये गेला. तो ३६० अंशांत परत आणायला नको.

आणि गुण. हेडसेटमधली नोंद कुणाच्या सेवापुस्तकात, गोपनीय अहवालात जाता कामा नये. ती गेली की पोरं फिल्म पाठ करतील, तिसऱ्या दिवशी बरोबर उत्तरांची यादी ग्रुपवर फिरेल आणि प्रत्येकजण पोलीस पाटलाला शोधून काढेल.

पैशांचं म्हणाल तर जिल्हा नियोजन समितीत नावीन्यपूर्ण योजनांसाठी तरतूद असते, पोलिसांच्या गाड्या आणि सीसीटीव्ही बऱ्याचदा तिथूनच येतात. तीन जिल्ह्यांनी मिळून तीन फिल्म केल्या तर कोणा एकावर बोजा येत नाही: धुळ्याने बाजार करावा, नंदुरबारने बाकडं, जळगावने भुसावळ जंक्शन. दुकानाची काच फुटते ती अवघड फिल्म कोणी करायची ते तुम्ही आपसांत ठरवा. हक्क मात्र खात्याकडे ठेवा. फिल्म कंपनीची झाली तर दर वर्षी परवान्याचं बिल येत राहील आणि एक वाक्य बदलायचं झालं तरी परवानगी मागावी लागेल.

सध्या मला एवढंच हवं आहे: प्रशिक्षण केंद्रातल्या एका तुकडीसमोर, दोन-तीन हेडसेट लावून, बाजाराच्या प्रसंगाचा नमुना दाखवायची परवानगी. हेडसेट मी उसने आणतो. नमुन्याचे पैसे नकोत, पुढचं काम रीतसर निविदेतूनच द्या, मला नाही मिळालं तरी चालेल. फक्त निविदेत “संवाद स्थानिक बोलीत, चित्रीकरण खानदेशात” ही ओळ राहू द्या. शूटिंगसाठी बाजाराचा दिवस सोडून कोणत्याही वारी बाजारपट्टा मिळाला तर बरं, आणि एक खरी जीप. भाड्याच्या जीपवर पोलीस लिहिलेलं लांबूनही ओळखू येतं.

कळावे,
आपला,
धुळ्यातला एक कॅमेरावाला

ता. क. : हेडसेट येतील तेव्हा ते जीपच्या डॅशबोर्डवर किंवा खिडकीत ठेवू नका असं सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. त्याच्या भिंगांवर थेट ऊन पडलं की आतला पडदा जळतो आणि डाग कायमचा राहतो. भुसावळच्या मे महिन्यात तर दोन मिनिटंही लागायची नाहीत. आणि तोंडाला लागणारा फोम एका तुकडीत सगळ्यांच्या घामाने भिजतो, तर पुसता येणारी आवरणं सोबतच मागवा. ती नसली की तिसऱ्या माणसापासून पुढे कोणी हेडसेट नीट चढवत नाही, नुसता डोळ्यांपुढे धरतो.